चौतीस मिलिमीटरचा गळा

नववीच्या वर्गात 'कार्य, ऊर्जा, शक्ती' हा धडा चालू होता. मोटारींची चित्रं जमवणाऱ्या एका मुलाने विचारलं, "सर, रॅलीच्या गाडीची शक्ती 300 अश्वशक्ती आणि फॉर्म्युला वनच्या गाडीची 900. मग टॉर्क रॅलीच्या गाडीचा जास्त कसा? छापण्याची चूक असेल ना?"

चूक नव्हती. पण तेवढं सांगून मोकळं होणं मला बरं वाटेना. ताकद, जोर, बल, शक्ती हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो आणि मुलांनी परीक्षेत मात्र ते नेमके वेगळे ओळखावेत अशी अपेक्षा धरतो. या दोन गाड्यांमुळे तो गोंधळ सोडवण्याची संधी मिळाली.

टॉर्क म्हणजे पीळ, पुस्तकी भाषेत बलाचं आघूर्ण. 20 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर 100 न्यूटन बल लावलं, तर नटावर 20 न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. नट गंजलेला असेल आणि जागचा हललाच नाही, तरी टॉर्क आहेच; कार्य मात्र शून्य आणि शक्तीही शून्य. नट फिरू लागला की तो किती वेगाने फिरतो यावर शक्ती ठरते. टॉर्कला कोनीय वेगाने गुणलं की शक्ती मिळते.

2005च्या सुमाराची फॉर्म्युला वनची 3 लिटरची इंजिनं मिनिटाला 19,000 फेऱ्यांपर्यंत जात. म्हणजे सेकंदाला सुमारे 1,990 रेडियन. 900 अश्वशक्तीचे वॉट करा (746ने गुणा) आणि 1,990ने भागा. उत्तर येतं सुमारे 337 न्यूटन-मीटर. एवढी शक्ती आली ती पिळातून नव्हे, फिरण्याच्या वेगातून.

आता रॅलीची गाडी. इथे गोलाकार शर्यतीचा रस्ता नसतो. डोंगरातले, जंगलातले, एरवी वाहतुकीचे रस्ते तेवढ्यापुरते बंद करतात आणि एकेक गाडी काही मिनिटांच्या अंतराने सोडतात. खडी, चिखल, बर्फ, केसाच्या आकड्यासारखी वळणं. 1982 ते 1986 या काळात 'ग्रुप बी' नावाच्या गाड्या या रस्त्यांवर धावल्या. टर्बोमुळे त्यांची शक्ती चार-पाचशे अश्वशक्तीपर्यंत गेली होती. 1986मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत गाडी प्रेक्षकांत घुसून माणसं मेली. दोनच महिन्यांनी कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो गाडी दरीत कोसळून, जळून मरण पावले. त्या वर्षाअखेर ग्रुप बी बंद झाला. पुढे टर्बोच्या तोंडाशी ठरावीक व्यासाचा अरुंद गळा बसवण्याचा नियम आला. 1994पर्यंत या गळ्याचा व्यास 38 मिलिमीटर होता, 1995पासून 34.

एका भोकाने इंजिनाला लगाम कसा बसतो? टर्बो जास्त जोराने हवा ओढेल, म्हणाल. इथेच गंमत आहे. गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाएवढा झाला, की त्यापुढे कितीही ओढा, हवा वाढत नाही. पलीकडे दाब आणखी कमी झाल्याची 'बातमी' हवेतून ध्वनीच्याच वेगाने मागे जाते. हवाच त्या वेगाने पुढे येत असेल, तर ती बातमी गळ्याच्या अलीकडे पोचतच नाही!

हा हिशेब फळ्यावर मावतो. 34 मिलिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ सुमारे 9.1 चौरस सेंटिमीटर. गळ्यात हवा थंड आणि विरळ होते, तिथे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 317 मीटर आणि हवेची घनता लिटरला 0.75 ग्रॅम. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे 288 लिटर, म्हणजे 215 ग्रॅम हवा. कडेच्या घर्षणाचे थोडे वजा करून 210 धरू. 1 ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते, म्हणजे सेकंदाला 14.3 ग्रॅम पेट्रोल जळेल. ग्रॅमला 44 किलोज्यूल धरले तर 629 किलोवॉट. त्यातला एक तृतीयांश चाकांच्या कामी येतो असं मानू, बाकीची उष्णता धुराबरोबर आणि पाण्यावाटे जाते. उरले 210 किलोवॉट, म्हणजे सुमारे 280 अश्वशक्ती. त्या गाड्यांची शक्ती 300च्या आसपास सांगितली जात असे. शाळेच्या गणितासाठी उत्तर वाईट नाही.

शक्तीला अशी भिंत घातली, पण टॉर्कला घातली नाही. दोन लिटरचं चार-फटक्यांचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा दोन लिटर हवा घेतं. म्हणजे मिनिटाला जितके फेरे, तितके लिटर. साध्या दाबाची हवा घेतली, तर सेकंदाला 210 ग्रॅमची मर्यादा गाठायला मिनिटाला 10,500 फेरे लागतील. टर्बो म्हणजे धुराच्या झोतावर फिरणारा पंखा आणि त्याच दांड्यावर हवा दाबून भरणारा दुसरा पंखा. त्याने हवा, समजा, अडीचपट दाट केली, तर तीच मर्यादा 4,200 फेऱ्यांनाच गाठली जाते. तेव्हा 210 किलोवॉट भागिले 440 रेडियन, म्हणजे 477 न्यूटन-मीटर. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हे. त्याच्या पुढे 6,300 फेऱ्यांना शक्ती तेवढीच, टॉर्क मात्र 318वर उतरलेला.

मोटारीचे शौकीन 'टॉर्क महत्त्वाचा की पॉवर' असा वाद घालतात, तो मला निरर्थक वाटतो. गिअर बदलून चाकावरचा टॉर्क वाढवता येतो, शक्ती वाढवता येत नाही. रॅलीच्या इंजिनाचा खरा फायदा हा, की 4,200पासून वर कुठेही शक्ती जवळजवळ पूर्ण मिळते. निसरड्या वळणातून बाहेर पडताना चालकाने गिअर थोडा चुकीचा निवडला, तरी फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते पाय उचलल्यावर. धूर कमी झाला की टर्बो मंदावतो आणि पुन्हा पाय दाबल्यावर जोर यायला वेळ लागतो. त्यावर तोडगा असा, की ठिणगी मुद्दाम उशिरा पाडायची आणि मिश्रण धुराच्या नळीत जळू द्यायचं. टर्बो फिरता राहतो. वळणाआधी या गाड्यांतून फटाक्यांसारखे बार ऐकू येतात ते यामुळेच. पेट्रोलची उधळपट्टीच ही.

गळ्याची किंमत किती, हे 1995च्या ऑक्टोबरमध्ये स्पेनमधल्या कॅटलोनिया रॅलीत दिसलं. टोयोटाच्या सेलिका गाड्यांमध्ये नळी आवळून बसवली, की स्प्रिंगांमुळे गळा किंचित सरकायचा आणि बाजूच्या फटीतून जादा हवा आत जायची. तपासणीसाठी जोड सोडला की फट आपोआप मिटायची. आंतरराष्ट्रीय महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी त्या कारागिरीला दाद दिली. पण टोयोटाचे त्या वर्षीचे गुण रद्द झाले आणि 12 महिन्यांची बंदी आली.

आमच्या वर्गात पुढचं गणित मुलांनीच घातलं. 2011मध्ये 1.6 लिटरची इंजिनं आणि 33 मिलिमीटरचा गळा आला, 2017मध्ये तो 36 झाला. आमच्या रीतीने 36 मिलिमीटरला सुमारे 315 अश्वशक्ती येते, पण त्या गाड्यांची 380 सांगितली जात होती. मुलांनी आधी गुणाकार तपासले. ते बरोबर होते. हवा तर वाढवता येत नाही. मग उलट भागाकार केला, तेव्हा एक तृतीयांशाच्या जागी 40 टक्के आले. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारी ही नवी इंजिनं तेवढ्याच हवेतून जास्त काम काढत होती.