पलटणीचा मुलूख आणि महायुद्धाचं साहित्य

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. आसपासचे लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी बसवलेला दगड गावात आहे.

मी राहतो त्या कोयनानगरात असा दगड असण्याचं कारण नाही. ही वसाहत उभी राहिली तीच मुळी धरणाच्या कामासाठी, दोन्ही महायुद्धं संपल्यावर. पण कोयनेचं खोरं पलटणीला आणि मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवणारंच. उताराची जमीन, नाचणी-वरीचं पीक, खाणारी तोंडं जास्त. एक भाऊ शेतावर, दुसरा गिरणीत, तिसरा पलटणीत, अशी वाटणी इथल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. म्हणूनच महायुद्धाने साहित्य कसं बदललं हे वाचताना मला पॅरिस-लंडनच्या आधी आपला जिल्हा आठवतो. इतकी माणसं लढाईवर पाठवणाऱ्या मुलखाने लढाईचं साहित्य काय दिलं?

युरोपातली हकिकत माहितीची आहे. टी. एस. एलियट हा अमेरिकन माणूस लंडनमध्ये बँकेत नोकरी करत होता. त्याची 'द वेस्ट लँड' 1922 साली आली. जेम्स जॉइसला युद्धामुळे 1915 मध्ये त्रिएस्त सोडून झुरिकला जावं लागलं. त्याची 'युलिसिस' त्याच 1922 मध्ये पॅरिसहून निघाली. हेमिंग्वे 1918 च्या जुलैत इटलीच्या आघाडीवर जखमी झाला. घर सोडलेली ही माणसं आणि मोडलेला युरोप यांच्यातून नवी कविता, नवी कादंबरी जन्मली.

आमची माणसंही घर सोडूनच गेली होती. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 एवढा काळ वेढा चालला. अखेरीस घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली, आणि सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यातले हजारो मेले. एका 'वेस्ट लँड'ला पुरून उरेल एवढा हा अनुभव, पण तो ज्यांनी भोगला त्यांच्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पत्रं जायची ती दुसऱ्याकडून लिहवून, आणि वाटेत सरकारी तपासनीस ती उघडून वाचायचे. फ्रान्सहून आणि इंग्लंडातल्या इस्पितळांतून हिंदी शिपायांनी पाठवलेल्या पत्रांचे उतारे या तपासनिसांनी इंग्रजीत करून ठेवले आणि ते आज लंडनमध्ये जतन केलेले आहेत. शिपायाचं मन कागदावर उरलं ते पाळतीमुळे, ही गोष्ट मला फार लागते.

शिपाई लिहू शकला नाही. मग लिहिलं कुणी?

सातारा जिल्ह्यातलं मर्ढे हे बा. सी. मर्ढेकरांचं मूळ गाव. त्यांचा जन्म मात्र खानदेशातल्या फैजपूरचा, 1 डिसेंबर 1909 चा. 1929 मध्ये ते आयसीएस परीक्षेसाठी लंडनला गेले आणि 1933 च्या सुमारास ती पदरात न पडता परतले. एलियटच्या कवितेची तिथे चर्चा होती तो हा काळ. मर्ढेकरांवर लिहिताना बहुतेक जण इथेच थांबतात: लंडनला गेले, एलियट वाचला, मराठीत नवकविता आणली.

मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण तारखांतच आहे. लंडनहून आल्यावर पाच-सहा वर्षांनी, 1939 मध्ये, त्यांचा 'शिशिरागम' निघाला. हा संग्रह हळवा, वृत्तबद्ध, रविकिरण मंडळातल्या कवींच्या काळाशी नातं सांगणारा. नवा मर्ढेकर दिसतो तो 'काही कविता'त, म्हणजे 1947 मध्ये. ही कविता जर नुसती लंडनची कमाई असती, तर ती 'शिशिरागम'मध्येच दिसायला हवी होती. मधल्या आठ वर्षांत काय घडलं? महायुद्ध. 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेलं 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं आणि शहराचा एक भाग जळाला. शेवटी हिरोशिमा. आणि मर्ढेकर या काळात नोकरी करत होते ती रेडिओत, जिथे युद्धाच्या बातम्या रोज शब्दांत बांधून बाहेर पडत.

पिंपात मेलेल्या उंदरांची मर्ढेकरांची कविता मराठीच्या वर्गांत अजून वादाचा विषय होते. कुणी तिच्यात छळछावण्या पाहतं, कुणी गिरणगावातली खुराडी. मला दोन्ही वाचनं खरी वाटतात, कारण 1940 नंतर माणसाचा जीव स्वस्त होण्याच्या या दोन जागा एकमेकींपासून लांब राहिल्या नव्हत्या. मोडक्या प्रतिमा एकीला एक भिडवण्याची रीत मर्ढेकरांनी परदेशात पाहिली असेल. ती वापरावी लागली, ती मात्र घरी. मध्ये 1942 ची 'रात्रीचा दिवस' ही संज्ञाप्रवाही कादंबरी आहे. तिथे ही रीत चाचपडताना दिसते. पुढे 'काही कविता'वर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले.

प्रवासातूनच थेट निघालेलं पुस्तक विश्राम बेडेकरांचं. अमरावतीचे बेडेकर चित्रपटाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते. 1939 च्या 'रणांगण'मध्ये युरोपातून मुंबईकडे येणारी बोट आहे, तिच्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू आहेत, त्यांच्यातली हेर्टा आहे आणि हेर्टावर धड प्रेमही करू न शकणारा चक्रधर आहे. एकही गोळी न सुटता ही युद्धाची कादंबरी होते. निर्वासिताला कुठल्याच बंदरावर घर नसतं, ही गोष्ट मराठीत एवढ्या लवकर कुणी लिहिली, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

लंडनमध्ये राहिलेली एक मराठी बाईही या इतिहासात आहे. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे युद्धकाळात बीबीसीच्या पूर्व विभागात जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम करत होत्या. 1942 च्या एका प्रसिद्ध छायाचित्रात एलियट, मुल्कराज आनंद, उना मार्सन बसले आहेत, मागे ऑर्वेल उभा आहे आणि एका कडेला वेणूताई आहेत. त्यांनी 1950 मध्ये कादंबरी लिहिली, 'इन ट्रान्झिट', पण इंग्रजीत. आमच्या मराठी वाङ्मयेतिहासांत त्यांना जागा मिळाली नाही. ती मिळायला हवी.

आणि अण्णाभाऊ साठे. वाळवा तालुक्यातलं वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे, पण 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत ते साताऱ्यातच होतं. म्हणजे मर्ढेकर आणि अण्णाभाऊ हे एकाच जिल्ह्याचे. जेमतेम दीड दिवस शाळा पाहिलेला हा मुलगा वडिलांबरोबर पायी मुंबईला गेला, गिरणीत राबला, आणि स्टालिनग्राडच्या लढाईवर त्याने पोवाडा रचला. शिवकाळापासून लढाई सांगण्यासाठीच घडलेला हा प्रकार त्याने व्होल्गेच्या काठी नेला. त्याला काहीही उसनं आणावं लागलं नाही. डफ-तुणतुणं घरचंच होतं.

त्या वर्षांतला सातारा डोळ्यांपुढे आणला तर या पोवाड्याचं वजन कळतं. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवरच्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. 1943 पासून नाना पाटलांचं इंग्रजविरोधी प्रतिसरकार गावोगाव चालू होतं. त्याच वेळी मराठा पलटणी इंग्रजांच्या बाजूने आफ्रिकेत आणि मग इटलीत लढत होत्या. कम्युनिस्टांनी, रशियावर हल्ला झाल्यानंतर, हे लोकयुद्ध आहे अशी भूमिका घेतली होती. एका शिवारातली तीन माणसं तीन वेगळ्या लढायांत होती आणि प्रत्येकाला आपलीच लढाई खरी वाटत होती. अण्णाभाऊंनी त्यातली कम्युनिस्टांची निवडली आणि ती कामगार मैदानांवर हजारोंसमोर गायली. मर्ढेकरांना जे तुटलेलं, सडलेलं दिसलं, तिथे अण्णाभाऊंना जिंकणारा कष्टकरी दिसला. समीक्षेने या दोघांना कधी एका पानावर बसवलं नाही. नवकविता एका कपाटात आणि लोकशाहिरी दुसऱ्यात, ही सोय अभ्यासकांची आहे. युद्ध दोघांचं एकच होतं.

पोवाडा रचला तेव्हा अण्णाभाऊंनी रशिया पाहिला नव्हता. 1961 मध्ये ते तिथे गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. शिपाई सरकारी जहाजाने लढाईवर गेला आणि त्याचं बोलणं तपासनिसाच्या टाचणात राहिलं. वाटेगावचा शाहीर महायुद्ध संपल्यावर सोळा वर्षांनी, आपल्या लेखणीच्या बळावर, त्या मुलखात पोचला.