कोपऱ्यावरच्या गड्याची वाट

नळगंगेच्या काठचे मलकापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील कापसाच्या व्यापाराचे गाव. बुलढाणा जिल्ह्यातील अशा गावी बारावीत शिकणारा आणि कबड्डीच्या संघात कोपरा सांभाळणारा मुलगा विद्यापीठाच्या संघापर्यंत कसा पोहोचतो, आणि त्याची वाट मध्येच कोठे तुटते, हे समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम त्याचे काम पाहावे. चढाई करणारा गुण घेऊन परतला की टाळ्या पडतात. कोपऱ्यावरचा गडी मात्र त्या तीस सेकंदांत संधीची वाट पाहत असतो. प्रतिस्पर्ध्याचा पाय आत आला की घोटा धरावयाचा. क्षणभर आधी झेप घेतली तर धरणाराच बाद होतो. क्षणभर उशीर झाला तर सावज निसटते. अमेरिकन फुटबॉलमधील ‘सेफ्टी’ हा गडी ह्याच जातीचा. अकरा जणांच्या संघात तो सर्वांच्या मागे उभा असतो आणि पुढची फळी फुटली म्हणजे मागचे सारे मैदान राखण्याचा भार त्याच्यावर येतो. दोघांचेही यश कोणाच्या ध्यानी येत नाही; चूक मात्र सर्वांना दिसते.

अमेरिकेत अशा गड्याला एक पायरी उपलब्ध असते. तेथील ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे, तर शालेय शिक्षणानंतरची दोन वर्षांची संस्था. ज्याचे गुण कमी पडले, किंवा ज्याला मोठ्या विद्यापीठाने विचारले नाही, तो तेथे शिकतो व खेळतो. त्याचा खेळ पाहून विद्यापीठाचे प्रशिक्षक त्याला पुढील वर्षांसाठी बोलावतात. जक्वान ब्रिस्कर हा सेफ्टी स्क्रॅन्टन शहरातील लॅकावॅना कॉलेजातून २०१९ साली पेन स्टेट विद्यापीठात गेला आणि २०२२ साली शिकागो बेअर्स ह्या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली.

मलकापूरच्या मुलापुढे मात्र एक शिडी नसून दोन आहेत. बारावीपर्यंत तो क्रीडा खात्याच्या एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धांत उतरतो: तालुका, जिल्हा, विभाग आणि मग राज्य. पदवीच्या वर्गात गेला की १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तेथून विद्यापीठाचा संघ आणि पुढे आंतरविद्यापीठ सामने. नवल असे की, अमरावती महसूल विभागाचे आणि विद्यापीठाचे जिल्हे तेच पाच आहेत: अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ. पुष्कळ ठिकाणी दोन्ही वर्ग एकाच आवारात भरतात. मैदानही एकच असते. तरीही पहिल्या शिडीवरील विजयाने दुसरीवर आपोआप जागा मिळत नाही. निवड पुन्हा पहिल्यापासून व्हावयाची.

वाट तुटते ती ह्याच ठिकाणी. परीक्षा, निकाल आणि प्रवेश ह्यांत कित्येक महिने जातात व तेवढ्यात सराव सुटतो. कोणी शिक्षणासाठी परगावी जातो, कोणी घरच्या शेतीला किंवा दुकानाला लागतो. जो टिकतो, त्याची गाठ आता बाविशी-तेविशीच्या भरलेल्या अंगाच्या चढाईपटूंशी पडते. काल ज्या पकडीने समोरचा गडी जागच्या जागी थांबत होता, ती आज पुरत नाही. येथे नुसत्या जोराचा उपयोग नाही. शेजारच्या गड्याशी साखळी जुळविणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या पायाची चाल आधी ओळखणे, हेच शिकावे लागते. ते दोन-तीन वर्षे धीर धरल्याशिवाय साधत नाही.

वऱ्हाडात देशी खेळांची परंपरा जुनी आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. शासकीय नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या जातात. म्हणजे उणीव गुणांची नाही, संधीचीही सर्वस्वी नाही. ती बारावीच्या निकालाची वाट पाहण्यात जाणाऱ्या त्या थोड्या महिन्यांची आहे. त्या महिन्यांत ज्या घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाला संध्याकाळचा एक तास मैदानावर जाऊ दिला आणि ज्या क्रीडाशिक्षकाने त्याला पदवीच्या संघाबरोबर सरावाला उभे केले, त्यांनी दोन शिड्यांमधील अंतर आपल्यापुरते मिटविले असे समजावे. कोपऱ्यावरच्या गड्याला वाट पाहण्याची सवय असते. पण त्याची वाट पाहणारेही कोणी असावे लागते.