लाइट्स, कॅमेरा... आणि आबांची दाढी!

पाच मित्र, तीन दिवस, भाड्याचा एक कॅमेरा आणि कोरेगावजवळची एक वाडी. ग्रुपने मिळून शॉर्ट फिल्म करायची म्हणजे नेमकं काय काय करायचं? मनात हौस असेल तर पुढचा लाँग वीकएन्ड तुमचाच. फक्त आम्ही केलेल्या चुका तुम्ही करू नका!

'यार, आपण एक शॉर्ट फिल्म करू या ना!'

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, चहाचा दुसरा कप हातात असताना हे वाक्य कुणी ना कुणी टाकतंच. सगळे माना डोलावतात. एकाकडे स्टोरी असते, दुसऱ्याकडे भारी फोन, तिसऱ्याच्या मामाचं गावाकडे घर. पंधरा मिनिटांत फिल्मला अॅवॉर्डसुद्धा मिळून जातं. मग कुणीतरी घड्याळाकडे बघतं आणि फिल्म तिथेच संपते.

आमची संपली नाही, कारण आम्हाला मार्क हवे होते. कॉलेजचं शेवटचं वर्ष, ग्रुप प्रोजेक्ट, बारा मिनिटांची फिल्म. २००८चा ऑक्टोबर. आमच्यातल्या एकाचं गाव कोरेगावजवळच्या एका वाडीत. मग काय, स्वारगेटवरून एस.टी. पकडली आणि निघालो!

आधी कागद, मग कॅमेरा

स्टोरी साधी होती. आल्याच्या शेतात राबणारा एक म्हातारा. नातू पुण्याला गेलेला. म्हातारा रोज फाट्यावर येऊन एस.टी.तून उतरणाऱ्यांना विचारतो, 'आलं का पोरगं?' शेवटी नातू पहाटेच्या रेल्वेने येतो. फिल्मचं नाव 'आलं'. शेतातलंही आणि घरी आलेलंही. या नावावर आम्ही इतके खूश होतो की स्क्रिप्ट लिहायचं राहूनच गेलं.

पहिला फंडा इथेच. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा हिशोब जगभर चालतो. आमची पानं झाली सोळा आणि वेळ होता बारा मिनिटांचा. चार पानं कापताना दोन रात्री भांडलो. पण कागदावर भांडण फुकट असतं, शूटिंगमध्ये त्याचं भाडं पडतं! स्क्रिप्टनंतर शॉटची यादी केली. कुठला सीन, कुठल्या जागी, कुठल्या वेळी, कोण हवं, काय वस्तू लागेल. आमच्या यादीत ६४ शॉट होते. तीन दिवस, म्हणजे दिवसाला एकवीस. पहिल्या दिवशी किती झाले? सात.

चौघांची फिल्म, थेट कानला

'पण आपण पाचच जण आहोत, जमणार कसं?' असं वाटतंय? मग हे ऐका. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये टेलिव्हिजन विभागाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. वर्षाच्या शेवटी दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग आणि साउंड अशा चार शाखांचे विद्यार्थी एकत्र येऊन एक फिल्म करतात. अशाच एका चौकडीने 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो' ही सोळा मिनिटांची कन्नड फिल्म केली. दिग्दर्शक चिदानंद एस. नाईक, कॅमेऱ्यावर सूरज ठाकूर, एडिटर मनोज व्ही. आणि साउंडला अभिषेक कदम. एक म्हातारी गावातला कोंबडा पळवते आणि गावात सूर्यच उगवेनासा होतो, अशी कर्नाटकातली लोककथा. शूटिंगला दिवस मिळाले चार. २०२४च्या मे महिन्यात कानच्या 'ला सिनेफ' या विद्यार्थ्यांच्या विभागात या फिल्मने पहिलं बक्षीस पटकावलं, १५ हजार युरोंचं! आणि चिदानंद नाईक आधी काय होते? एमबीबीएस डॉक्टर. तेव्हा 'आपण तर आयटीवाले' हे कारण बाद.

कामं वाटून घेतली की चौघं पुरतात. वाटली नाहीत तर चाळीसही कमी पडतात. आमच्याकडे पाच जण होते आणि पाचही जण डायरेक्टर! आबा फाट्यावर उभे, आणि एक म्हणतोय 'डावीकडे बघा', दुसरा म्हणतोय 'खाली बघा'. शेवटी आबाच म्हणाले, 'आधी तुमी ठरवा रं, म्या तवर तंबाखू मळतो.'

आबा म्हणजे आमच्या मित्राचे चुलत आजोबा आणि आमचे हीरो. त्यांनी आयुष्यात कॅमेरा पाहिला होता तो लग्नातला. पण आल्याच्या वाफ्यात वाकून उभे राहिले की डोळे हटत नसत. अॅक्टिंग नव्हतीच ती. ते त्यांचं रोजचं काम होतं.

ज्याच्या चेहऱ्यावर ती गोष्ट आधीच लिहिलेली आहे, त्याला कॅमेऱ्यासमोर आणायचं, हे नागराज मंजुळेंनी तर करूनच दाखवलंय. 'पिस्तुल्या' ही त्यांची शॉर्ट फिल्म अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) शिकत असतानाची. तिला २०१०च्या राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये दिग्दर्शकाच्या पहिल्या नॉन-फीचर फिल्मचा सन्मान मिळाला. त्यातला छोटा सूरज पवार पुढे 'फँड्री'त आणि 'सैराट'मध्येही दिसला.

वाऱ्याचा आवाज फुकट मिळतो!

दुसरा दिवस. घरी लावून पाहिलेल्या टेपमध्ये चित्र झकास होतं आणि आवाजात फक्त वारा. कॅमेऱ्यावरच्या माइकने आबा सोडून सगळं टिपलं होतं. मागच्या रानातली पाण्याची मोटर, कुठला तरी ट्रॅक्टर, आणि आमचा कॅमेरावाला पुटपुटत होता तेसुद्धा.

चित्र जरा हललं तर प्रेक्षक माफ करतो, पण संवाद ऐकू आला नाही तर तो उठून जातो. म्हणून माइक माणसाच्या जवळ हवा, कॅमेऱ्याच्या जवळ नव्हे. आणि प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट नुसता 'शांत' आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि टेप चालू. एडिटिंगमध्ये दोन तुकड्यांमधलं भगदाड त्यानेच बुजवता येतं. आवाजाची ताकद पाहायची असेल तर उमेश कुलकर्णींची एफटीआयआयमधली 'गिरणी' बघा. घरात पिठाची गिरणी येते आणि तिची घरघर एका मुलाचं बालपण व्यापून टाकते. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पुढे 'वळू', 'विहीर' आणि 'देऊळ' करणारे उमेश कुलकर्णी ते हेच.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही माइकला लांब वायर लावली, त्यावर एक जुना लोकरी मोजा चढवला आणि एकदम प्रोफेशनल चेहरे करून फाट्यावर पोचलो.

समोरून आबा आले. पांढराशुभ्र इस्त्रीचा सदरा, नवी टोपी आणि गुळगुळीत दाढी!

आदल्या दिवशी त्यांच्या गालावर आठवडाभराचे पांढरे खुंट होते. शेतातले सगळे शॉट त्याच चेहऱ्याचे. सीन अजून अर्धा बाकी. आमच्या प्रॉडक्शनवालीने कपाळावर हात मारून घेतला. आबा मात्र खूश. 'काल तुमी सांगितलंच न्हाई शूटिंग हाय म्हनून. आज कसा, तयार होऊन आलो!'

त्यांना काय सांगणार? चूक आमची होती. कन्टिन्युटीची वही ठेवायची, रोज शेवटच्या शॉटनंतर फोटो काढायचा आणि 'उद्या हेच कपडे, दाढी करू नका' हे कलाकाराला स्पष्ट सांगायचं. दहा सेकंदांचं काम. आता दाढी काही परत चिकटवता येत नव्हती. होतं तसंच शूट केलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला आबांनीच आम्हाला उठवलं. हातात बॅटरी घेऊन ते पुढे, आम्ही बांधावरून मागे. पुणे-मिरज लाइन तेव्हा सिंगल होती. रुळांपासून लांब, एका शेताच्या कडेला कॅमेरा लावला. धुकं, डिझेल इंजिनचा दिवा आणि मागून फुटणारं तांबडं. कॅमेरावाल्याचा तो आयुष्यातला सगळ्यात सुंदर शॉट. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्याही टेपवर आल्या.

तीन दिवसांत दोन्ही वेळचं जेवण काकींच्या हातचं. वाघ्या घेवड्याची आमटी, भाकरी, ठेचा. पाच जणांचं, कधी आठ जणांचं. काकी एकदाही कॅमेऱ्यासमोर आल्या नाहीत. निघताना आबांनी विचारलं, 'मग, कवा दावनार पिक्चर?'

'यात्रेला, आबा. नक्की.'

एडिटिंग : इथे दोस्ती कळते

टेप सहा, प्रत्येकी तासाची. कंप्युटरवर उतरवायलाही टेपच्या लांबीइतकाच वेळ लागायचा. आज फोनवरून फाइल मिनिटांत निघते, पण पुढचं काम तेच आहे. आधी सगळं बघायचं आणि चांगले शॉट वहीत टिपायचे. मग स्क्रिप्टप्रमाणे सगळं नुसतं ओळीने लावायचं. आमचं ते निघालं पंचवीस मिनिटांचं, आणि इतकं रटाळ की साउंडवाला खुर्चीत झोपला.

दाढीचा घोळ तर सुटेचना. फाट्यावरचे आबा एका क्षणी खुंटवाले, पुढच्या क्षणी गुळगुळीत. तिसऱ्या रात्री आमच्या एडिटरने एक गंमत केली. खुंटवाले सगळे शॉट आधी लावले आणि दाढीवाले सगळे शेवटी. आम्ही पुन्हा प्ले केलं आणि गप्पच बसलो. आता गोष्ट अशी झाली होती की म्हातारा रोज वाट बघतो, आणि एक दिवस दाढी करून, नवा सदरा घालून फाट्यावर येऊन बसतो. बस्स. आज पोरगं येणार हे त्याने ठरवूनच टाकलंय. खरंच येतं का? सांगायची गरजच उरली नाही.

म्हणजे नातू गेला. नातवाचं काम आमच्या मित्रानेच केलं होतं, त्याचा पूर्ण रोल कट! आणि नातवाबरोबर गेली ती पहाटेची रेल्वे. कॅमेरावाला म्हणाला, 'हा शॉट काढलात तर माझं नाव पण काढा.' दोन दिवस मतदान, रुसवेफुगवे, मध्यस्थी. शॉट निघाला. नाव राहिलं. तो मात्र पुढचे तीन महिने आमच्याशी बोलला नाही.

आज विचाराल तर एडिटर बरोबर होता. पण हे त्याला आधी त्या मित्राजवळ बसून सांगता आलं असतं. ते न करता आम्ही ठरवून टाकलं आणि मग कळवलं. फिल्ममधला शॉट कापताना माणसाशी बोलावं लागतं, ही गोष्ट कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मेन्यूत नसते.

करायचीच आहे? मग हे करा

• फिल्म पाच-सात मिनिटांचीच ठरवा. दोन-तीन पात्रं, दोन जागा, पुरे!
• डायरेक्टर एकच. बाकीच्यांनी सूचना त्याच्या कानात द्यायच्या, कलाकाराच्या नाही.
• शूटिंगआधी जागा एकदा बघून या, आणि ज्या वेळी शूट करायचंय त्याच वेळी बघा.
• प्रत्येक शॉट 'अॅक्शन'च्या आधी आणि 'कट'नंतर पाच सेकंद चालू ठेवा.
• रोज रात्री सगळं फुटेज दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी करा. मगच जेवा.
• रेल्वे, मंदिर, सरकारी जागा यांची परवानगी आधी घ्या. खासगी जागेच्या मालकालाही विचारा.

...आणि हे विसरू नका

फिल्म सबमिट झाली, मार्क मिळाले, पार्टी झाली. मग नोकऱ्या. हिंजवडी, मुंबई, एक जण बंगळुरूला. यात्रा आली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली. गावाकडून निरोप यायचा, 'आबा विचारत्यात.' आम्ही म्हणायचो, 'पुढच्या महिन्यात.'

शेवटी २०११मध्ये गेलो. पाचही जण, लॅपटॉप आणि साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन. ओट्यावर वाडीतली पंधरा-वीस माणसं जमली. बारा मिनिटं आबा पापणी न हलवता बघत होते. संपल्यावर म्हणाले, 'येवढंच? तीन दिस उनात हुबं केलंसा की रं!' आणि मग, 'आन् ती पहाटंची गाडी कुटं हाय?'

कॅमेरावाल्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते तीन वर्षांचं थकलेलं होतं.

पडद्यावर नावं सरकत होती. आमची पाच, कॉलेजचं, सरांचं, कॅमेरा भाड्याने देणाऱ्याचंसुद्धा. काकी दारात उभ्या राहून वाचत होत्या. शेवटचं नाव गेलं तरी तिथेच उभ्या होत्या. मग काही न बोलता चहा टाकायला आत गेल्या.

परतीच्या एस.टी.त कुणी फारसं बोललं नाही. पुण्यात पोचल्यावर त्याच रात्री एडिटरने जुना प्रोजेक्ट उघडला. नावांच्या अगदी सुरुवातीला काकींचं नाव घातलं आणि नावांच्या मागे पहाटेची ती रेल्वे, पूर्ण, न कापता. कुणीही मत विचारलं नाही. कॅमेरावाल्याने फक्त आवाज थोडा वाढवायला सांगितला.

नवी सीडी पुढच्या यात्रेला वाडीत पोचली. तेव्हा तुमची फिल्म झाली की आधी अपलोड करू नका. जिथे शूट केली, तिथे आधी दाखवून या!