भोकाच्या आकारावर ठरणारा डोस

आकुर्डीत धातू वितळवण्याचं कुणाला अप्रूप नाही. माझे वडील इथल्याच एका टूलरूममध्ये फिटर होते. मी मात्र मेडिकल फिजिसिस्ट झाले, आणि माझ्या वाट्याला आलेला धातू पाणी उकळायच्या आधीच, ७० अंश सेल्सिअसला वितळतो. निम्मं बिस्मथ, बाकी शिसं, कथील आणि कॅडमियम असं ते मिश्रण. आम्ही त्याला सेरोबेंड म्हणतो. शिसं आणि कॅडमियम विषारी, म्हणून मोल्ड रूममध्ये हातमोजे आणि एक्झॉस्ट हवेतच.

कॅन्सरवर रेडिएशन देणारी लिनॅक मशीन क्ष-किरण देते, तसेच बऱ्याच मशीनमध्ये इलेक्ट्रॉनही मिळतात. क्ष-किरण शरीराच्या आरपार जातात. इलेक्ट्रॉन ठरावीक खोलीवर थांबतात. एमईव्हीमधल्या ऊर्जेचा आकडा निम्मा करा, साधारण तितक्या सेंटिमीटरवर ते संपतात. ९ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन साडेचार सेंटिमीटरवर संपतो, आणि उपचाराला उपयोगी असा ९० टक्के डोस जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरपर्यंत पोचतो. स्तनातली गाठ काढल्यावर त्या जागेला जादा डोस, म्हणजे बूस्ट, द्यायचा तर हे सोयीचं पडतं. मागच्या फुप्फुसाला फार झळ लागत नाही. त्वचेचा कॅन्सर आणि केलॉइड यांनाही इलेक्ट्रॉन लागतात.

पण ती जागा कधी चौकोनी नसते. डॉक्टर कातडीवर मार्करने रेघ ओढतात. ती मी पारदर्शक शीटवर उतरवून घेते, त्या आकाराचा थर्मोकोलचा ठोकळा कापते आणि भोवती धातू ओतते. थंड झाल्यावर ठोकळा काढायचा, कड कानशीने घासायची, की कटआउट तयार. तो मशीनच्या तोंडाला लावलेल्या कोनच्या (ॲप्लिकेटरच्या) टोकाला बसतो आणि भोकातून हवा तेवढाच झोत खाली येतो.

“ताई, भोक तर पाडून झालं, आता आणखी कसला हिशेब?” एका मावशींनी मला विचारलं होतं. त्याचं उत्तर असं, की भोकाचा आकार बदलला की मधल्या बिंदूला मिळणारा डोसही बदलतो.

इलेक्ट्रॉन सरळ रेषेत जात नाहीत, शरीरात शिरताच इकडेतिकडे विखुरतात. मधल्या बिंदूला समोरून येणारे मिळतात, तसे आजूबाजूने विखुरलेलेही. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते तेव्हा गर्दीच्या मधोमध उभ्या माणसाला चारही बाजूंनी रेटा बसतो. भिंतीलगत उभ्याला तेवढा बसत नाही. भोकाची कड जवळ आली की बाजूची ही भर तुटते. किती जवळ? ऊर्जेचं वर्गमूळ गुणिले ०.८८ इतके सेंटिमीटर. ९ एमईव्हीला हे अंतर सुमारे २.६ सेंटिमीटर. त्या मावशींचं भोक ८ बाय ४ सेंटिमीटरचं, लंबगोल. मधून कड २ सेंटिमीटरवर, म्हणजे हिशेब करणं भागच.

लांबट आयताकृती भोकाला वर्गमुळाची पद्धत चालते. उदाहरणादाखल, ८ बाय ४ च्या भोकासाठी ४ बाय ४ च्या चौकोनाचा आउटपुट फॅक्टर, म्हणजे ठरलेल्या प्रमाण भोकाच्या तुलनेत मिळणारा डोस, ०.९४ आणि ८ बाय ८ चा ०.९९ धरू. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की ०.९६५ येतो. २०० सेंटिग्रे डोस ९० टक्क्यांच्या रेषेवर द्यायचा, तर २०० भागिले ०.९, पुन्हा भागिले ०.९६५: सुमारे २३० मॉनिटर युनिट, म्हणजे मशीनने किती झोत सोडायचा त्याचं माप. भोकाचा विचार केलाच नाही तर उत्तर २२२ येतं आणि रुग्णाला साडेतीन टक्के डोस कमी पडतो. सगळ्या चुका धरून डोस पाच टक्क्यांच्या आत अचूक असावा, हे आयसीआरयू या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ मध्येच सुचवलं आहे. त्यातले साडेतीन एका भोकातच गेले तर उरलं काय?

भोक वेडंवाकडं असेल तर बिंदूपासून दर दहा अंशांवर एक अशा ३६ रेषा कडेपर्यंत काढायच्या, प्रत्येक रेषेच्या लांबीला किती भर मिळते ते पाहून सरासरी घ्यायची. आता हे काम कॉम्प्युटर करतो. तरीही भोक फार लहान असेल तर मी कागदावर विसंबत नाही. सॉलिड वॉटरच्या, म्हणजे रेडिएशनला पाण्यासारख्या वागणाऱ्या प्लास्टिकच्या, पाट्या रचून, त्यात डायोड किंवा फिल्म ठेवून डोस मोजते, कारण अशा भोकात सर्वाधिक डोसची खोलीही कातडीकडे सरकते. शेवटी दुसरा फिजिसिस्ट सगळा हिशेब स्वतंत्रपणे तपासतो.

या कामासाठी भाभा अणुसंशोधन केंद्र १९६२ पासून पदविका अभ्यासक्रम चालवतं, आणि रेडिएशनच्या सुरक्षिततेवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. तरी एक गोष्ट रुग्णाच्याच हातात राहते. हा सगळा हिशेब कातडीवरच्या त्या रेघेवर उभा आहे. घरी गेल्यावर ती घासून काढू नका. पुसट झाली तर स्वतः पेनने गिरवू नका, दुसऱ्या दिवशी येऊन आम्हाला सांगा.