आवाज कुणाचा?

पुरुषोत्तम करंडक ही पुण्यातील महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने ती १९६३ साली सुरू केली. सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आवाज कुणाचा?’ अशी आरोळी उठते आणि शेकडो कंठ आपापल्या महाविद्यालयाचे नाव घेतात. आमच्या चऱ्होलीकडे बैलगाडा शर्यतीत घसा बसेपर्यंत ओरडणारे मी पाहिले होते. इथे फरक एवढाच, की पडदा उघडला की प्रतिस्पर्धीही गप्प होतात. करंडक आरोळीने नव्हे, नाटकाने मिळतो. २०२२ साली परीक्षकांनी तो कोणालाच दिला नाही!

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्या गर्दीत नाव ओरडताना प्रथमच वाटले, हे महाविद्यालय माझेही आहे.