घरगुती ध्वनिक्षेपकातील क्रॉसओव्हर आणि ड्रायव्हरचे मापन

प्रस्तावना

ध्वनिक्षेपकाची पेटी स्वतः तयार करणे हा पदार्थविज्ञान व इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांच्या आवडीचा प्रकल्प आहे. दोन ड्रायव्हरांच्या पेटीत खालच्या व मधल्या वारंवारता वूफरकडे आणि वरच्या ट्वीटरकडे पाठवाव्या लागतात. ही वाटणी करणाऱ्या कॉइल व कपॅसिटर यांच्या जोडणीस क्रॉसओव्हर म्हणतात. विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील सूत्र घेतो, त्यात 8 ओहम आणि 3000 हर्ट्झ ही मूल्ये घालतो आणि 0.42 मिलीहेन्रीची कॉइल व 6.6 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवितो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तयार क्रॉसओव्हरही मिळतात. ते कोणत्या ड्रायव्हरला जोडले जाणार आहेत हे बनविणाऱ्यास ठाऊक नसते. प्रकल्पवहीतील गणित बरोबर ठरते, पेटी मात्र कर्कश वाजते. माणसाचा कान सुमारे 3000 ते 4000 हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असल्याने जोडाच्या ठिकाणची चूक लपत नाही; 'स', 'श' यांसारखी व्यंजने ती लगेच उघडी पाडतात. मग दोष लाकडाला किंवा स्वस्त ड्रायव्हरला दिला जातो. खरा दोष बहुधा गृहीतकात असतो. सूत्राला ड्रायव्हर हा 8 ओहमचा शुद्ध रोध वाटतो, आणि कोणताही ड्रायव्हर तसा नसतो.

संरोधाचे मापन

ड्रायव्हरवर छापलेला '8 ओहम' हा आकडा केवळ नाममात्र असतो. मल्टिमीटर लावल्यास सुमारे 6 ओहम दिसतात. अनुनादाच्या वारंवारतेस संरोध कित्येक पटींनी वाढतो, पुन्हा खाली येतो आणि ध्वनिकुंडलाच्या प्रवर्तनामुळे वर चढत जातो. याचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. वूफरच्या ध्वनिकुंडलाचा रोध 6 ओहम व प्रवर्तन 0.7 मिलीहेन्री मानल्यास 3000 हर्ट्झला संरोध 8 नव्हे, तर सुमारे 14.5 ओहम येतो. 0.42 मिलीहेन्रीच्या कॉइलमुळे त्या ठिकाणी 3.6 डेसिबलची घट होते. अपेक्षित 3 डेसिबलपेक्षा ती फारशी वेगळी नाही. परंतु 12000 हर्ट्झला अपेक्षित घट 12 डेसिबलची असताना प्रत्यक्षात ती 4 डेसिबलवरच अडकते. कारण सरळ आहे: दोन्ही कॉइलींचा संरोध वारंवारतेबरोबर सारखाच वाढतो, त्यांचे प्रमाण स्थिर राहते आणि गाळणी गाळण्याचे सोडून देते. अनेक वूफरांचा शंकू वरच्या वारंवारतांना एकसंध हलत नाही आणि तेथे आलेखात टोकदार शिखरे उमटतात. जी दाबावयाची, तीच शिखरे अशा वेळी मोकळी सुटतात.

उपाय म्हणून ड्रायव्हरला समांतर 6 ओहमचा रोध व 19 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची एकसर जोडणी लावता येते. तिला झोबेल जाळे म्हणतात. तथापि ध्रुवखंडातील भोवरी प्रवाहांमुळे ध्वनिकुंडलाचे प्रवर्तन वारंवारतेनुसार कमी होत जाते. म्हणून वरील आकडे आदर्श स्थितीतील समजावेत आणि प्रत्यक्ष संरोध मोजावा.

त्यास खर्चिक उपकरण लागत नाही. ड्रायव्हरशी 100 ओहमचा अचूक रोध एकसर जोडून संगणकाच्या साउंड कार्डवरील हेडफोनच्या निर्गमातून संकेत द्यावा. एकूण दाब एका वाहिनीवर व ड्रायव्हरवरील दाब दुसऱ्या वाहिनीवर नोंदवावा. दोहोंच्या गुणोत्तरावरून संरोध व त्याची फेज दोन्ही मिळतात. 'रूम ईक्यू विझार्ड' ही विनामूल्य संगणकप्रणाली हे गणित करते. आधी ड्रायव्हरच्या जागी ज्ञात रोध ठेवून जोडणी तपासणे अगत्याचे. थील यांच्या 1961 मधील व स्मॉल यांच्या 1972-73 मधील लेखांमुळे रूढ झालेले परिमाण पेटीचे आकारमान ठरविण्यासाठी असतात व त्यांसाठी ड्रायव्हर मोकळ्या हवेत मोजतात. क्रॉसओव्हरसाठी मात्र तो त्याच्या पेटीत बसवूनच मोजला पाहिजे; बंद पेटीत अनुनाद वर सरकतो.

ध्वनिदाब आणि फेज

ध्वनिदाबाचे मापनही त्याच पेटीवर, त्याच दर्शनी फळीवर करावे लागते. वारंवारता खाली येते तसा ध्वनी फळीच्या कडांभोवती वळून मागे पसरतो आणि समोरचा दाब 6 डेसिबलपर्यंत घटतो. उत्पादकाने मोठ्या फळीवर घेतलेल्या आलेखात हे दिसत नाही.

खोलीतील परावर्तने हा यातील मोठा अडथळा होय. ड्रायव्हर व मायक्रोफोन जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आणि परस्परांपासून एक मीटर अंतरावर ठेवल्यास जमिनीवरून येणारा ध्वनी 2.16 मीटर अधिक प्रवास करतो, म्हणजे सुमारे 6.3 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तेवढाच काळ ग्राह्य धरून पुढची नोंद कापल्यास परावर्तन वगळले जाते. मात्र 160 हर्ट्झच्या खालची माहितीही त्याबरोबर जाते. ती मिळविण्यासाठी कील यांनी 1974 मध्ये मांडलेली निकटक्षेत्र पद्धत वापरतात: मायक्रोफोन शंकूच्या अगदी जवळ नेऊन केवळ खालच्या वारंवारता मोजतात. निकटक्षेत्रात फळीच्या कडांचा परिणाम येत नसल्याने तो हिशेबाने मिळवून मगच दोन्ही आलेख जोडावेत.

सर्वाधिक दुर्लक्षित होते ती फेज. वूफरचे ध्वनिकुंडल ट्वीटरच्या मागे असते. हे अंतर केवळ अडीच सेंटिमीटर धरले तरी 3000 हर्ट्झला, जेथे तरंगलांबी 11.5 सेंटिमीटर असते, 78 अंशांचा फरक पडतो. प्रत्येक मापनाचा प्रारंभ ध्वनीच्या पहिल्या शिखराशी जुळविणाऱ्या पद्धतीत नेमका हाच फरक पुसला जातो. यासाठी साउंड कार्डची दुसरी वाहिनी निर्गमास थेट जोडून तिच्याशी काळ पडताळावा. दोन्ही ड्रायव्हर एकाच जागी स्थिर असलेल्या मायक्रोफोनने, आवाजाची पातळी न बदलता मोजावेत. यूएसबी मायक्रोफोन एरवी सोयीचा. परंतु त्यास ही थेट जोडणी देता येत नाही. ट्वीटरला 20 हर्ट्झपासूनचा संकेत देणे धोक्याचे आहे. तो 500 हर्ट्झच्या वरून आणि हलक्या पातळीवर द्यावा.

ही माहिती हाती आली की आराखडा विद्युत गाळणीचा नव्हे, तर ड्रायव्हरसह मिळणाऱ्या अंतिम ध्वनीचा करता येतो. लिंक्विट्झ यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेत जोडाच्या वारंवारतेस दोन्ही ड्रायव्हर प्रत्येकी 6 डेसिबलने खाली व समान फेजमध्ये असतात. त्याची चाचणी सोपी आहे. ट्वीटरच्या तारा उलट जोडल्यास त्या वारंवारतेस आलेखात खोल दरी पडली पाहिजे. दरी उथळ असेल किंवा भलत्याच जागी असेल, तर गाळणीचे घटक बदलण्यापूर्वी दोन मापनांच्या दरम्यान मायक्रोफोन हलला होता काय, हे पाहावे.