चढावर अडणारी बिनगियरची स्कूटर

आमच्या घरांत तीन पिढ्या नांदतात, आणि सर्वांत अधिक राबणारें वाहन म्हणजे धाकट्या सूनबाईंची बिनगियरची स्कूटर. परभणीकडील काळी जमीन बहुतेक सपाट. परंतु जिंतूर तालुक्यांत, जेथें सूनबाई शिक्षिका आहेत, अजिंठ्याच्या डोंगरांचे फांटे लागतात. गेल्या मार्गशीर्षांत तेथील एका चढावर, मागें सात वर्षांची नात बसलेली असतां, गाडी थांबवावी लागली. पुन्हां मूठ पिळली तों एंजिन नुसतें कण्हूं लागलें आणि गाडी हातभर मागें सरली. पाठीमागें उसानें भरलेला ट्रक होता! ही हकीकत आमच्या कानीं आली ती आठ दिवसांनीं, आणि तीही नातीच्या तोंडून.

दुरुस्तीवाल्यानें एंजिनाचेंच काम काढलें. त्यानें सांगितलेला आंकडा आमच्या पेन्शनीस झेपणारा नव्हता. सुदैवानें पुतण्याचा मुलगा सुटींत आला होता. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं स्कूटरचेंच एंजिन बसवून गो-कार्ट, म्हणजे जमिनीलगत धांवणारी शर्यतीची चिमुकली चारचाकी, तयार केली होती. आणि तीही प्रारंभीं अशीच जागच्या जागीं कुंथत असे. तो म्हणाला, "आजोबा, एंजिन राहूं द्या. आधीं पट्ट्याचें झाकण काढूं."

आंतील रचना पाहून आम्ही थक्क झालों. पुढें एक व मागें एक अशा दोन कप्प्या, प्रत्येकीचीं दोन उतरतीं पाखें, आणि त्यांवरून फिरणारा एक रबरी पट्टा. पुढल्या कप्पींत सहा लहान रोलर असतात. एंजिनाचा वेग वाढला कीं ते बाहेरच्या बाजूस फेंकले जाऊन पाखें जवळ ढकलतात. पट्टा पुढें वर चढतो, मागें खोल उतरतो, आणि गियर आपोआप बदलत जातो. रोलर फार जड असले तर हें सारें वेळेपूर्वीं घडतें. एंजिनास पुरतें बळ येण्याआधींच त्याच्यावर वरच्या गियरचा भार पडतो. पाढे पाठ नसलेल्या मुलास बीजगणित द्यावें तसेंच हें!

ही युक्ति जुनीच आहे. 1958 सालीं हॉलंडमध्यें डाफ नांवाच्या मोटारींत हुब व्हान डोर्न यांनीं असाच पट्टा योजला. आपल्याकडे 1984 सालीं फिरोदियांच्या किनेटिक कंपनीनें जपानच्या होंडाशीं भागी करून किनेटिक होंडा काढली, आणि क्लच दाबून गियर बदलण्याची कटकट कित्येक घरांतून गेली.

आमच्या गाडीचा पट्टा झिजून अरुंद झालेला निघाला. असा पट्टा मागल्या कप्पींत आधींच खालीं बसतो, त्यामुळें आरंभींचा जोर जातो. रोलर एका अंगानें चपटे झाले होते. सराफाच्या कांट्यावर तोलले तों मूळ मापापेक्षां जड! मागें कोणी तरी, बहुधा पेट्रोल वांचविण्याच्या हौसेनें, ते घातले असावेत.

आम्ही म्हटलें, "मग आतां चांगले हलके घाल, क्लचच्या स्प्रिंगाहि कडक घाल." पोरगा हंसला. गो-कार्टवर त्यांनीं तेंच केलें होतें. एकदम फार हलके रोलर घातल्यावर एंजिन किंचाळे, पण सरळ रस्त्यावर गाडी मागें पडे. मग एकेक ग्रॅमानें वजन वाढवीत, दोन वजनांचे रोलर एकाआड एक बसवून, त्यांना मेळ सांपडला. कडक स्प्रिंगांनीं क्लच उशिरां, एंजिन जोरांत आल्यावर धरतो. शर्यतींत तें ठीक, परंतु मागें लहान मूल असतां तो धक्का कशाला? शिवाय रोजच्या प्रवासांत पेट्रोल जळेल तें निराळेंच. त्यानें नवा पट्टा आणि मूळ वजनाचे रोलर, एवढेंच बसविलें. वयाच्या मानानें पोराचा हा संयम आम्हांस भावला, जरी त्या क्षणीं आम्ही थोडे रुसलों होतों.

रविवारीं त्याच चढावर परीक्षा झाली. आम्ही स्वतः मागें बसलों. आमचें वजन नातीच्या तिपटीहून कमी नाहीं. मध्येंच ब्रेक लावून गाडी थांबविली, मूठ पिळली, आणि ती कुरकुर न करतां वर चढली. सूनबाईंचें मात्र तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. आम्हांस रस्त्याच्या कडेला उतरवून, पदर खोंचून, त्यांनीं एकटीनें तीन वेळां गाडी थांबवून पाहिली. मगच नातीला मागें बसूं दिलें.